पिशवी बदलताना दार लावावे

३ जून
वनमालेला घरी आणलं. दोन्ही किडन्या गेल्यात, पण आता काळजी नाही. पोटात नळी बसवलीय. पिशवीतलं पाणी पोटात सोडायचं, काही तासांनी काढून टाकायचं, दिवसातून चारदा. डायलिसिस घरच्या घरी! बीडच्या चकरा बंद. संकल्प : सगळ्या पिशव्या मी स्वतः बदलणार. नर्सबाई शिकवत होत्या तेव्हा मी फोनवर होतो, पण माजी सरपंचाला एवढं कळतं. नळीतून जंतू पोटात जाऊ नयेत म्हणून दार-खिडकी-पंखा बंद, मास्क, साबणाने हात. झालं.

४ जून
पिशव्या वनमालेनेच बदलल्या. मी देखरेख केली. खरं काम तेच.

७ जून
तलवाड्यात कुणी आजारी पडलं की अख्खं गाव भेटून जातं. आमच्याकडे तर जास्तच. नेमकी पिशवी लावताना माझा जुना दोस्त धुळाजी आला. वनमाला म्हणाली, त्यास्नी जरा भायेर थांबवा. धुळाजीला उंबऱ्याबाहेर? आमच्या घराण्यात असं झालेलं नाही. दार उघडलं. मास्क खाली करून त्याला सगळं समजावलं. मास्कमधून बोललेलं कुणाला कळत नाही.

१२ जून
पिशवी बदलायच्या वेळी खोली भरलेली. उकाडा, म्हणून पंखा एक नंबरवर. एकवर म्हणजे बंदच. वनमाला म्हणाली, आवो, पोट माजं हाय, दरबार तुमचा भायेर भरवा! सगळे हसले. तीपण हसली. तब्येत नक्की सुधारतेय.

१५ जून
पोटातून निघालेलं पाणी गढूळ. पोट लई दुखतंय म्हणते. गढूळ दिसलं की लगेच निघा, असं नर्सबाईंनी बजावलं होतं म्हणे. मला वाटतं, कालच्या ताकाने असेल. आज तिच्या माहेरचे भेटायला येताहेत, त्यांना माघारी कसं लावणार? उद्या जाऊ.

१६ जून
ताप. बीडला आणलं. पोटात इन्फेक्शन पसरलंय. डॉक्टरांनी विचारलं, पिशवी बदलताना दार बंद ठेवत होता ना? मी हो म्हणालो. त्यांनी वनमालेकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. तीही हो म्हणाली.

२० जून
वनमाला गेली.

२२ जून
लोक भेटायला येताहेत. तिच्या खोलीत पिशव्यांचे खोके तसेच आहेत. मी आत आलो. दार लावलं, खिडकी लावली, पंखा बंद केला. साबणाने हात धुतले. मास्क लावला. बाहेरून धुळाजी हाका मारतोय. मारू दे. उघडणार नाही.
वनमाले, तू हो कावून म्हणलीस?