आवाज न करणारं धनुष्य

बाबा, कोणतं धनुष्य चांगलं आणि कोणतं नुसतं दिसायला चांगलं, हे तुमच्या लेकीला आता कळतं. हसू नका. जत्रेत मिळतं ते बांबूचं म्हणत नाहीये मी. कंपाउंड बो म्हणतात याला. दोन्ही टोकांना चाकं, चाकांवरून फिरणाऱ्या दोऱ्या, मधे धातूचा दांडा. लांबून बघितलं तर कुणीतरी सायकल उलगडून ठेवलीय असं वाटतं. आणि हे खेळातलं नाही, शिकारीचं आहे. तुमच्या नातवाला हवं होतं, हरीण मारायला. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून हे फोनवर लिहितेय. डबा मांडीवर उघडा पडलाय, पोळी वाळून चाललीय. दोनदा खाली उतरून गाडीभोवती फेरी मारून आले. तिकडचा सिक्युरिटीवाला मघापासून माझ्याकडे बघतोय, बघू दे. या शनिवारी हरणांचा सीझन उघडतो आणि माझा जीव थाऱ्यावर नाही.

तुम्ही गेलात तेव्हा माझा व्हिसासुद्धा आला नव्हता, मग नातू कुठून बघणार? तेवीस वर्षांचा आहे. इथेच अमेरिकेत, हर्नडनला जन्मला, इथेच वाढला. मी मराठीत बोलते, तो इंग्रजीत उत्तर देतो, मधेच एखादं 'आई' आणि 'पण' घालतो, तेवढ्यावर आमचं भागतं. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी एक दिवस सामान घेऊन परत आला आणि खोलीत गेला तो गेलाच. वर्षभर पडदा उघडला नाही. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, आठवड्याला एक बाई त्याच्याशी फोनवर बोलायची. मी दाराबाहेर ताट ठेवायची आणि कान लावून उभी राहायची. काय ऐकायला? तो श्वास घेतोय ते. बाबा, दुसऱ्या कुणाला मी हे सांगितलेलं नाही. तुमचे जावई म्हणायचे, "त्याला जरा स्पेस दे." स्पेस! घर भरून स्पेसच होती तेव्हा. मग एका दुपारी शेजारच्या म्हाताऱ्याने बेल वाजवली. त्याच्या ट्रकमधून फोमचा एक मोठा ठोकळा उतरवायचा होता, पाठ दुखत होती, घरात कुणी तरुण माणूस आहे का विचारत होता. मी नाही म्हणणार तेवढ्यात हा मोजे घालून जिन्यावरून खाली आला. तो ठोकळा म्हणजे बाण मारायचं टार्गेट. त्या दिवसापासून रोज दुपारी शेजारच्या अंगणातून 'थप' ऐकू यायला लागलं. थोडा वेळ काही नाही, मग परत थप. मी लॅपटॉपसमोर बसून ते ऐकायची आणि रडायची, आणि मीटिंगमधले लोक विचारायचे, तुझा कॅमेरा बंद का?

इथवर सगळं छान होतं हो. फोमला मारा, भिंतीला मारा, काय मारायचं ते मारा. पण या उन्हाळ्यात जेवताना म्हणाला, "आई, I want to hunt this fall." कोर्स करून आला होता, लायसन्स काढलं होतं. इथे हरणं बेसुमार वाढलीत. गाड्यांखाली येतात, लोकांच्या बागा फस्त करतात. घरं जवळजवळ असल्यामुळे बंदूक चालत नाही, धनुष्य चालतं, काउंटीच, म्हणजे इथलं जिल्हा सरकारच, परवानगी देते. हे सगळं त्याने शांतपणे समजावलं. माझा मात्र भडका उडाला. म्हटलं, आपल्या घरात आजवर कुणी कोंबडी कापली नाही, तुला हे डोहाळे कुठून लागले? तो म्हणाला, "पण you eat them, आई." आता बोला! मला तुम्ही आठवलात, रविवारी मटणाच्या दुकानासमोर पाठ करून उभे राहिलेले. पिशवी हातात आली की मगच वळायचे, आणि घरी येऊन रश्शात दोन जादा भाकऱ्या चुरायचे. आई चिडवायची, "पाठ करून पुण्य लागते का वो?" तुम्ही नुसते हसायचे.

तुमची सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. मोरीत अंघोळ, अंगावर पांढरा बनियन, मूर्तीपुढे मेणबत्ती. मी चुलीपाशी चहाची वाट बघत बसलेली आणि तुम्ही त्रिशरण-पंचशील म्हणताय. आवाज खणखणीत. 'संघं सरणं गच्छामि' पर्यंत सरळ यायचा आणि मग तुम्हाला खोकला यायचा. पहिलं शील, प्राण्यांची हिंसा करणार नाही म्हणतो ते, खोकल्यातच निघून जायचं. चोरी करणार नाही म्हणेपर्यंत घसा पुन्हा साफ. आई म्हणायची, कारखान्यातली धूळ बसली घशात, आणि रात्रीच ज्येष्ठमधाचं पाणी करून ठेवायची. रविवारी खोकला नसायचा, तर ती म्हणायची, "पाहा, एक दिवस घरी राहिले तर किती आराम पडते." मग तुम्ही सायकलला डबा अडकवून दारूगोळ्याच्या कारखान्यात जायचे आणि दिवसभर तोफेचे गोळे तपासायचे.

कारखान्यात घरच्यांना आत सोडायचा एक दिवस असायचा, तेव्हा मला घेऊन गेला होतात. लांबच लांब टेबल, त्यावर ओळीने गोळे, रिकामेच, अजून दारू न भरलेले. तुमच्याकडे लोखंडाची दोन कडी होती. एक कडं गोळ्यावरून गेलंच पाहिजे, दुसरं जाता कामा नये. बस, एवढीच तपासणी. तुम्ही ती कडी माझ्या हातात दिलीत. कितीतरी गोळे बरोबर निघाले, आणि मग एकावर पहिलं कडं अडकलं. मी ओरडले, "बाबा, हा नाही जात!" तुम्ही स्वतः दोनदा घालून बघितलं आणि त्यावर लाल रंगाचा पट्टा ओढला. टेबलावरच्या सगळ्यांना सांगितलंत, "माह्या पोरीनं पकडला." त्या दिवसाइतकी मी कुणाची लाडकी पुन्हा झाले नाही. आज सॉफ्टवेअर तपासायचं काम करते ना, वीस जणांची टीम आहे हाताखाली, त्याचं मूळ त्या कड्यांत आहे.

पण त्याच रात्री जेवताना मी विचारलं, "बाबा, जो गोळा पास होतो तो कुठे जातो?" तुमचा हात ताटातच थांबला. "जेवतानी असं नाई विचारत," म्हणालात, आणि तो आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. अर्धं जेवण टाकून उठलात. आईने मला डोळे दाखवले. मी इतकी घाबरले की मला वाटलं मी शिवीच दिली की काय. पुढे कितीतरी वर्षांनी, मी इंजिनिअरिंगला निघाले तेव्हा बस स्टँडवर, मी काही न विचारताच तुम्ही म्हणालात, "खराब गोळा आपल्याच पोराच्या हातात फुटते. जो उडवते त्याच्या हातात फुटू नाही, एवढंच पाहतो मी." मी मान हलवली. कशाचं उत्तर देताय हे मला बस सुटल्यावर कळलं.

तर धनुष्य. शेजाऱ्याचं जुनं धनुष्य याच्या मापाचं नव्हतं. हात किती लांब त्यावर सगळं अवलंबून असतं, चपलेसारखं, दुसऱ्याचं चालत नाही. मी आधीच कबूल करून बसले होते की वाढदिवसाला मागशील ते देईन. मला वाटलं लॅपटॉप मागेल. याने ओट्यावर लॅपटॉप उघडून तीन नवीन धनुष्यं दाखवली आणि म्हणाला, "You compare stuff for a living. Help me." गेल्या वर्षभरात याने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं हो. मी खुर्ची ओढली. एक कार्बनचं, पिसासारखं हलकं. दुसरं ॲल्युमिनियमचं, जड पण हातात स्थिर राहणारं. तिसरं सगळ्यांत वेगवान पण ताणायला कडक. ओढायला किती जोर लागतो, ताणून धरल्यावर किती भार उरतो, बाण कितीच्या वेगाने सुटतो, आम्ही सगळं एका तक्त्यात भरत गेलो. त्याने मला समजावलं की सुरुवातीला जड जातं, मग चाकं फिरतात आणि भार एकदम उतरतो, म्हणून ताणून बराच वेळ उभं राहता येतं. "That's the whole point, आई. I can wait." नीट शॉट नसेल तर बाण सोडणार नाही, धनुष्य परत खाली घेईन, असं त्याचं म्हणणं. मला ते आवडलं. पुढचा रकाना होता आवाजाचा. मी सहज विचारलं, आवाजाने तुला त्रास होतो का रे? तो म्हणाला, "Not me. The deer." बाण पोचायच्या आत दोरीचा आवाज हरणाला पोचतो आणि ते दचकून खाली बसतं, मग बाण भलतीकडे लागतो आणि ते जखमी होऊन पळतं. मी लॅपटॉप मिटला आणि भांडी घासायला घेतली. डिशवॉशर रिकामा असताना.

तरी त्या आठवड्यातल्या शनिवारी त्याच्याबरोबर गेलेच. हायवेच्या कडेला दुकान, भिंतीवर शिंगं असलेली मुंडकी, गिऱ्हाईक सगळे झाडाझुडपांच्या रंगाचे कपडे घातलेले, आणि त्यांच्यात मी, येताना इंडियन किराणा दुकानातून घेतलेली मेथीची जुडी पर्समधून डोकावतेय. काउंटरवर एक तरुण मुलगी होती, दंडावर मासा गोंदवलेला. मला वाटलं होतं, माझा मुलगा तिथे कोपऱ्यात उभा राहील. अहो, तो बोलत होता! तिच्याशी, मागच्या एका दाढीवाल्याशी, मधेच हसत होता. त्याचा हसण्याचा आवाज बदललाय, जाड झालाय, हे मला तिथे कळलं. मागच्या लांब खोलीत त्याने तिन्ही धनुष्यांनी बाण मारून बघितले आणि गोंधळून माझ्याकडे वळला. म्हटलं, थांब, परत मार, मला बघायचं नाहीये. मी स्टुलावर बसले आणि डोळे मिटले. पहिलं सुटलं आणि भांडं पडल्यासारखं वाजलं. तिसऱ्याची दोरी बाण गेल्यावरही गुणगुणत राहिली. दुसऱ्याचा मात्र उसासा टाकावा एवढाच आवाज. तीनतीनदा मारायला लावलं, क्रम बदलून, मला न सांगता. मी दर वेळी बरोबर ओळखलं. "दुसरं," म्हटलं, "यात हरणाला कळायचं नाही." हे मी म्हटलं, बाबा. माझ्या तोंडून आलं. दाढीवाला म्हणाला, ma'am, you're good at this. आणि मला खरंच अभिमान वाटला. लाल पट्ट्याच्या दिवशी वाटला होता तसाच.

पार्किंगमध्ये त्याने ती लांब पेटी मागच्या सीटवर बाळासारखी आडवी ठेवली आणि विचारलं, "Would आजोबा be mad?" तुमचा कारखाना त्याला माहीत आहे. मी म्हटलं, आजोबांनी आधी दोरी तपासली असती. तो हसला. मला ते उत्तर तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं. घरी येईपर्यंत ते कुजलं. तुमचंही अर्धंच उत्तर होतं, बाबा. खराब गोळा आपल्या पोराच्या हातात फुटतो, मान्य. पण चांगला गोळाही कुठेतरी फुटतोच ना? तुम्हाला हे ठाऊक होतं आणि तरी तुम्ही रोज गेलात, आम्ही चार तोंडं होतो खायला. मला राग येतोय तुमचा. तुम्ही मला तपासायला शिकवलंत, पण तपासल्यावर झोप कशी लागते ते नाही शिकवलंत. या शनिवारी हा हरणाची वाट बघत झाडावर बसेल, आणि मला काय हवंय तेच कळत नाही. त्याला हरीण मिळू नये असं वाटतं, आणि तो रिकाम्या हाताने येऊन पुन्हा खोलीचं दार लावून घेईल याची भीतीही वाटते. एका जिवासाठी दुसरा जीव तोलतेय मी, आणि कुठलं पारडं खाली जातंय ते मला कधीचंच माहीत आहे.

लंच संपत आला. हे लिहून झालं की पुसून टाकीन. नाही पुसलं तरी काय, घरात हे वाचता येणारा मुलगा नाही आणि वेळ असलेला नवरा नाही. आज सकाळी अंघोळ करून मूर्तीपुढे मेणबत्ती लावली. अजूनही रोज म्हणते मी, तुमच्याच चालीत. 'संघं सरणं गच्छामि' झालं. पुढचा शब्द तोंडात आला आणि मी खोकले. चांगलीच खोकले, दुसरं शील येईपर्यंत. मग हात तसेच जोडलेले आणि डोळ्यांसमोर आईचं ते ज्येष्ठमधाचं पाणी. इतकी वर्षं ती करत राहिली आणि तुम्ही मुकाट्याने पीत राहिलात. स्वयंपाकघरातून याने हाक मारली, "आई, are you getting sick? आल्याचा चहा करू?" एवढं अख्खं मराठी वाक्य त्याच्या तोंडून कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, कर रे, घसा खराब झालाय. त्याने केला. मी सगळा प्यायले. बाबा, माझ्या घशाला काहीही झालेलं नाही.