गाडीतून उतरलेली माणसं

प्रिय अण्णा,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहिते. सोयगावहून वच्छला आत्या सांगते की तुम्ही तिच्याकडं जेवता, झोपता, पण ओट्यावर रस्त्याकडं पाठ करून बसता. बाजारात जायचं तर तिच्याबरोबर रिक्षात बसत नाही, मागून पायी येता. एवढंच कळलं. एवढ्यावरून मला काही अंदाज बांधता येत नाही, आणि अंदाज बांधता आला नाही की माझं कशात लक्ष लागत नाही. आई बरी आहे. तुमच्या जास्वंदीला पाणी घालते आणि फाटक वाजलं की बाहेर येऊन बघते.

मी ऑफिसात नेमकं काय करते, असं तुम्ही एकदा विचारलं होतं. ‘कॉम्प्युटरचं काम’ म्हणून मी विषय संपवला होता. आता नीट सांगते. आम्ही लढाईचा एक खेळ बनवतोय. त्यात रणगाडे आहेत आणि प्रत्येकात चालक व त्याचे साथीदार. या माणसांनी गाडी टाकून कधी बाहेर पडायचं, तो भाग माझ्याकडं आहे. खेळून बघणाऱ्यांची सगळ्यात जास्त कुरकुर त्याच भागाबद्दल असते. गाडी धडधाकट आहे, इंजिन चालू आहे, मग ही माणसं पळाली कशाला? त्यांना वाटतं, माझ्या हातून चूक झाली. चूक नाही. गाडीत किती जोर उरला ते आम्ही वेगळं मोजतो, आणि आतल्या माणसांत किती उरला ते वेगळं. पत्र्यावर आदळून परत गेलेल्या गोळ्यानं गाडीला काही होत नाही, पण आवाज आतल्यांना ऐकू येतोच. त्यांचा हिशोब पडद्यावर दिसत नाही, म्हणून खेळणारा निर्धास्त असतो. आतल्यांचा जोर सगळ्यात झपाट्यानं खाली येतो तो शेजारची गाडी डोळ्यांदेखत पेटल्यावर.

हे मी तुमच्याच कंपनीची बस चालवणाऱ्या कडूबाकाकांच्या अपघाताच्या कितीतरी आधी लिहिलं होतं. त्यांची बस ट्रेलरवर आदळली तेव्हा तिच्या मागची बस तुमची होती. त्यांच्या दहाव्याला तुम्ही सुट्टी घेतली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीची माणसं घेऊन शेंद्र्याच्या कारखान्याकडं निघालात. कंपनीनं तुमच्या गाडीचे ब्रेक तपासून घेतले होते. गाडीत काहीच दोष नव्हता. त्यानंतर तुम्ही चहा घेताना कप दोन्ही हातांनी धरायला लागलात. मी ते पाहिलं होतं. थंडीचे दिवस होते, म्हणून थंडीच समजले.

मध्ये आम्ही खेळ मराठीत आणला. माणसं बाहेर पडली की पडद्यावर ‘चालकानं गाडी सोडली’ असं यायचं. आमच्याकडं पाचोडचा शिवराज आहे, तो खेळून चुका शोधतो. तो बराच वेळ पडद्याकडं बघत बसला आणि शेवटी मला म्हणाला, “मॅडम, गाडी सोडली म्हणतंय, मग जात का नाही?” पाचोडच्या स्टँडवर गाडी सोडली म्हणजे गाडी निघाली. त्याचं बरोबरच होतं. सगळे हसले, मी शब्द शोधत बसले. ‘पळाले’ लिहून बघितलं, ‘टाकून गेले’ लिहून बघितलं. दोन्हींत आरोप होता, आणि यंत्रानं आरोप करू नये असं मला वाटलं. शेवटी ‘चालक गाडीतून उतरला’ असं ठेवलं. तेवढंच खरं असतं. पुढचं बघणारे आपल्या मनानं लावतात.

त्याच आठवड्यात तुम्ही चिकलठाण्याच्या पुढं बस कडेला घेतलीत आणि पायी निघून गेलात. कंपनीत, गल्लीत, सगळीकडं एकच वाक्य, चालू गाडी टाकून पळाला. आईसुद्धा म्हणाली, “भरलेली गाडी टाकून माणूस जातो व्हय कुठं?” तुमचा डबा आणि स्वेटर बसमध्येच राहिले होते, ते आणायला मी लगेचच गेले होते. बस अजून तिथंच होती, दुसरा चालक यायचा होता. पार्किंगचे दिवे लुकलुकत होते. हँडब्रेक ओढलेला होता. मागच्या चाकाखाली दगड लावलेला होता. दगड रस्त्याच्या पलीकडच्या कडेचा होता, अलीकडं तसा दगडच नव्हता. म्हणजे तुम्ही रस्ता ओलांडून तो आणला होता. त्याच बसनं निघालेल्या, पॅकिंग खात्यातल्या दगडाबाई झाडाखाली थांबल्या होत्या. त्यांनी सांगितलं की सगळ्या बाया खाली येईपर्यंत तुम्ही दार धरून उभे होता. “सावकाश उतरा” एवढंच म्हणत होता. “माझी पिशवी वर राहिली तर परत चढून आणून दिली,” त्या म्हणाल्या. “पळणारा माणूस पिशवी आणून देतो का गं?”

आमच्या खेळातली माणसं दगड लावत नाहीत, अण्णा. ते मला कधी सुचलंच नव्हतं. पण एक गोष्ट आधीपासून आहे. बाहेर पडलेली माणसं लांब जात नाहीत. जवळच्या आडोशाला बसून राहतात आणि आपलं कुणी शेजारी आलं तर हळूहळू सावरतात. सावरली की लगेच गाडीत बसायलाच हवं, असा नियम मी ठेवलेला नाही.

आता कशासाठी लिहिलं ते. सोमवारी कंपनीनं तुम्हाला जबाब द्यायला बोलावलंय. आत्या म्हणते, तुम्ही तिला सांगितलंत, “पळालो म्हणून लिहून देतो आणि मोकळा होतो.” तसं लिहू नका. तुम्हाला नोकरी नको असेल तर राजीनामा द्या, मी आईशी बोलेन. पण जे घडलं नाही त्याच्याखाली सही करू नका. ‘मी गाडी कडेला लावली, माणसं उतरवली, मग मी उतरलो,’ एवढंच लिहा. दगडाबाई यायला तयार आहेत. रविवारी सकाळी मी सोयगावला येते. परतीची एसटी तुम्हाला जमेल की नाही, मला माहीत नाही, आणि तीच धास्ती घेऊन मी हे लिहितेय. मागच्या बाकावर बसू. खिडकीशी मी बसेन, म्हणजे रस्ता दिसणार नाही. नाहीच जमलं, तर तुम्ही माझ्या हाताला नुसता हात लावा. मी कंडक्टरला सांगेन. जिथं म्हणाल तिथं उतरू.

तुमचीच,
मोनिका