चौथ्या तुकड्याचं तिसरं पान

२ फेब्रुवारी, संध्याकाळ
आजपासून सूड. थंड डोक्याने, कुणालाही इजा न करता.

कारण लिहून ठेवतो, नाहीतर माझा राग दोन दिवसांत विरघळतो. काल सगळे जेवायला जमले होते. लेकीने पियानोवर काहीतरी वाजवलं. मी म्हटलं, छान. त्यावर साडू (डोळ्यांचे डॉक्टर, पियानो हौसेचा, हौस दांडगी) म्हणाले, साडूभाऊ, ती तीन ठिकाणी चुकली, तुम्हाला ऐकू नाही आलं? मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, यांना प्रूफातला स्वल्पविराम बरोबर दिसतो, पण सूर आणि दाराची करकर यांना सारखीच. सगळे हसले. सगळ्यांत आधी बायको.

लेक हसली नाही. आज मी तिच्या खोलीत गेलो तर तिने वाजवायचं थांबवलं आणि पियानोचं झाकण लावलं. म्हणाली, बाबा, तू नको बसूस, तुला कुठे कळतं.

अकरा वर्षांची आहे. परवापर्यंत नवीन काही बसवलं की पहिल्यांदा मला ऐकवायची.

५ फेब्रुवारी
संधी चालून आली. २३ तारखेला क्लबच्या हॉलमध्ये साडूंचा कार्यक्रम आहे. फिनलंडच्या कुठल्याशा संगीतकाराचे पियानोचे पाच छोटे तुकडे. पानं उलटायला माणूस हवाय, कारण नेहमी उलटणारा त्यांच्या दवाखान्यातला कंपाउंडर रजेवर. फोनवर म्हणाले, संगीत कळायची अट नाही, मी मान हलवली की पान उलटायचं.

लगेच हो म्हटलं. पान दोन सेकंद उशिरा उलटणार. साठ माणसांसमोर साडूंची बोटं हवेत.

६ फेब्रुवारी
हे नीतीला धरून आहे का? पूर्ण विचार केला. साठ श्रोते, प्रत्येकी दोन सेकंद, म्हणजे सगळ्यांचा मिळून दोन मिनिटांचा त्रास. चालेल. शिवाय ही लबाडी नव्हे, दिरंगाई आहे. ऑफिसात रोज होते.

९ फेब्रुवारी
त्या तुकड्यांच्या स्वरलिपीचं पुस्तक मिळालं. घोळ झाला. हे तुकडे इतके छोटे आहेत की प्रत्येक तुकडा समोरासमोरच्या दोन पानांत संपतो. म्हणजे पान उलटायचं ते दोन तुकड्यांच्या मध्ये, जेव्हा साडू हात मांडीवर ठेवून घाम पुसत असणार. तेव्हा मी दहा सेकंद लावले तरी कुणाच्या बापाचं काय जातं?

फक्त चौथा तुकडा तिसऱ्या पानावर सांडलाय. शेवटच्या दोन ओळी. तेवढीच जागा. पुरे आहे.

१० फेब्रुवारी
नेमकं उशिरा उलटायचं तर नेमकी वेळ कळायला हवी. स्वरलिपी शिकणार. वीस वर्षं प्रूफं तपासतोय, खुणांशी खेळणारा माणूस मी. तासाभराचं काम.

१३ फेब्रुवारी
तास पुरला नाही.

१६ फेब्रुवारी
चौथा तुकडा ऑफिसात मोबाइल कानाला लावून एकोणीस वेळा ऐकला. अडीच मिनिटांचा. कुणीतरी दारापर्यंत येतं, काही सांगायचं असतं, न सांगताच परत जातं, असं काहीतरी. विसाव्या खेपेला सेकंद मोजायचे राहून गेले. उद्या शिस्तीत ऐकणार.

१८ फेब्रुवारी
जुन्या कॅटलॉगवर उशिरा उलटण्याचा सराव. रोज शंभर वेळा. बायकोने विचारलं, हे काय चाललंय? कार्यक्रमाची तयारी, असं सांगितलं. म्हणाली, भावोजींसाठी एवढी मेहनत? मग जाता जाता पंखेही पुसा.

लेक रोज संध्याकाळी साडूंकडे असते. काय बसवतेस असं विचारलं तर म्हणाली, काही नाही.

२३ फेब्रुवारी, सकाळ
हात तयार आहे. आता मनात आणलं तरी वेळेवर उलटणार नाही.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळ
तीन तुकडे झाले. साडू उठले आणि म्हणाले, चौथा माझी विद्यार्थिनी वाजवेल. दुसऱ्या रांगेतून माझी लेक उठून आली.

त्या क्षणी सूड रद्द केला. हे स्पष्ट नोंदवतो. पान वेळेवर, अगदी वेळेवर उलटायचं ठरवलं. पण हाताला कोण सांगणार? तो सवयीने थांबला. मी घाबरून त्याला हिसका दिला. दोन पानं एकदम आली, पुस्तक घसरलं आणि धाडकन जमिनीवर.

ती थांबली नाही. सगळं पाठ होतं तिला. फक्त शेवटच्या ओळीत डाव्या हाताचा एक सूर खाली गेला. मला स्वच्छ ऐकू आला. टाळ्यांचा कडकडाट.

साडू हसून म्हणाले, साडूभाऊ, पुस्तक जड होतं का? मी मुद्दाम केलं असेल, असा संशयही कुणाला आला नाही.

२४ फेब्रुवारी, सकाळ
लेक माझ्याकडे आली. रात्रभर झोपली नसावी. म्हणाली, बाबा, पुस्तक पडलं तेव्हा मी दचकले, शेवटी एक सूर चुकला. कळलं असेल का रे सगळ्यांना?

मला कुठला सूर, कुठल्या हाताचा, कितव्या बोटाचा, सगळं माहीत होतं. इतकी वर्षं चुका दाखवून पगार घेतोय. म्हटलं, चुकला? मला तर काहीच ऐकू आलं नाही.

ती म्हणाली, तुला काय विचारतेय मी पण. आणि साडूंना फोन लावला.

साडू म्हणाले, एकही सूर चुकला नाही, बेटा. तिने मला दोनदा तेच ऐकवलं आणि उड्या मारत गेली.

म्हणजे साडूंना कळलंच नाही. मला कळलं. हे चारचौघांत नुसतं बोललो तरी हिशेब चुकता. पण त्यासाठी लेक कुठे चुकली ते सांगावं लागेल.

दुपार
साडूंना फोन करून अभिनंदन केलं. आवाज जरा कोरडा ठेवला. चांगलंच झोंबलं असणार.