वाटणीचे ससे

प्रिय,

(हा शब्द सवयीने लिहिला गेला. खोडला असता, पण पेन शाईचं आहे आणि पहिल्याच ओळीत फराटा वाईट दिसतो. राहू दे.)

फोनच करणार होते. पण फोनवर तू ‘हो’, ‘बरं’ आणि ‘बघतो’ एवढ्यातच सगळं उरकतोस, आणि ‘बघतो’ ऐकलं की मला फोन भिंतीवर आपटावासा वाटतो. फोन नवा आहे. म्हणून पत्र. निदान हे वाचताना तुला मध्येच ‘बरं’ म्हणता येणार नाही. आधी कामाचं सांगते. शेठाणी खात नाही. कान पाठीवर पाडून कोपऱ्यात बसून असते. गाजर पुढे केलं तर हुंगते आणि मी तिचा काही अपमान केल्यासारखं तोंड फिरवते. कोथिंबिरीच्या जुडीसाठी जी माझी पिशवी फाडायची, ती आता त्याच जुडीवर बसून राहते. छातीवरचे केस स्वतःच उपटते, ते घरभर उडतात आणि दुकानात शिवायला बसल्यावर माझ्या कपड्यांवरून गिऱ्हाइकाच्या पडद्यावर जातात. सशाचं पोट थांबलं की ससा हातचा जातो, हे तुला माहीत आहे. सध्या मी तिला मांडीत दाबून धरते आणि पिचकारीने पातळ भरवते. आठ किलोचं जनावर मांडीत दाबून धरणं म्हणजे काय, ते माझे हात बघितलेस तर कळेल. दुकानात विचारतात, मांजर पाळलंत का. ससा म्हटलं की हसतात. बायकांच्या डोळ्यांपुढे कापसाचा गोळा येतो. शेठाणी मागच्या पायांवर उभी राहिली की तिचं नाक माझ्या ओट्याच्या कडेला लागतं, हे सांगितलं तर त्या मला वेड्यात काढतील.

आणि ही हौस कोणाची होती, ते एकदा कागदावर येऊ दे. कुठल्याशा इमारतीतली लिफ्ट दुरुस्त करायला गेलास आणि वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जोडप्याकडून हत्यारांच्या पिशवीतून पाना-पक्कडीबरोबर दोन पिल्लं घेऊन आलास. ते जोडपं घर बदलत होतं म्हणे. तळहातावर ठेवून मला दाखवलंस आणि म्हणालास, एवढेच राहतात. मी विश्वास ठेवला. लिफ्ट किती माणसं उचलेल ते जो माणूस नुसत्या आवाजावरून ओळखतो, तो सशाच्या बाबतीत एवढा कसा चुकेल, असं मला वाटलं. पावलं बघूनच मी शहाणं व्हायला हवं होतं. ती पावलं तेव्हाच माझ्या बोटाएवढी लांब होती. मग ते वाढत गेले आणि आपण बघत बसलो. पहिलं खुराडं मोडलं, दुसरं मोडलं, शेवटी तू कुठल्याशा पाडलेल्या इमारतीतल्या लिफ्टचे दरवाजे आणलेस आणि अंगणात त्यांचं घर बांधलंस. सरकणारे दरवाजे, वर जायचं बटणसुद्धा. बटणाने काहीच होत नाही, पण तू ते पुसून लख्ख ठेवायचास. शेठाणीला नाकाने दार सरकवता यायला लागलं आणि ढब्बू तिच्या मागे शहाण्यासारखा उभा राहायचा, गर्दीच्या वेळी लिफ्टची वाट बघणाऱ्या बाबूसारखा. मला हसू यायचं. हे मी तुला तेव्हा सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा मी रागावलेली होते. कशावरून ते आठवत नाही.

एवढं मात्र आठवतं, की दोघांनी मिळून कपडे वाळत घालायच्या खांबाखाली बोगदा खणला आणि ओल्या चादरींसकट खांब आडवा झाला. शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या, आता या घरात जुंपणार म्हणून. त्यांची फारच निराशा झाली. तू मुकाट्याने खांब उभा केलास आणि मातीखाली जाळी अंथरलीस. मी मुकाट्याने चादरी परत धुतल्या. हूं नाही की चूं नाही. काकू म्हणाल्या, किती समजूतदार जोडपं. त्यांचं ते कौतुक ऐकून तेव्हा मला बरं वाटलं होतं, याचा आज मला जास्त राग येतो.

समजूतदारपणा तर आपण शेवटपर्यंत सोडला नाही. वेगळं होतानाही लोक थक्क. वकीलबाई म्हणाल्या, सगळेच असे असते तर आमचं दुकान बंद पडलं असतं. कपाट तू घे, नाही तू घे. मी मिक्सर तुझ्याकडे सरकवला, तू तो माझ्याकडे सरकवलास. असं चालू असताना गोष्ट सशांवर आली, आणि मी म्हटलं, एकेक घेऊ. तू म्हणालास, बरं. मी तुझ्याकडे बघत होते. तुझा हात त्या सरकत्या दारावर होता आणि तो तिथून हलत नव्हता. तुला पटलेलं नव्हतं, मला स्वच्छ दिसत होतं. मी वाट बघत होते की हा माणूस आता तरी म्हणेल, डोकं फिरलंय का तुझं, हे दोघे एका ताटात जेवतात, एकमेकांच्या पाठीला पाठ लावून झोपतात, यांना कसं तोडणार? मी लगेच ऐकलं असतं. पण तू ‘बरं’ म्हणालास आणि टोपलीत गवत घालायला लागलास. मीही टोपली उचलली. मागे ढब्बूने मागचा पाय जमिनीवर आपटला, धाडकन, आणि आपण दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं.

तर आता डॉक्टरांचं. जनावरांचे हे डॉक्टर नवीन आहेत, माझ्या खोलीपासून जवळ. शेठाणीला टेबलावर ठेवायला मला मदतनिसाची गरज लागली, तेव्हाच ते उठून उभे राहिले. दात बघितले, पोट चाचपलं, फोटो काढला. कुठेच काही नाही. मग विचारलं, हिच्या जोडीला कोणी होतं का? मी सगळं सांगितलं. अगदी अभिमानाने सांगितलं, की आम्ही भांडणतंटा न करता एकेक वाटून घेतला. त्यांनी चष्मा काढला. विचारलं, ही कल्पना कोणाची? मी म्हटलं, दोघांची. बोलता बोलता लक्षात आलं की कित्येक वर्षांत आपण दोघांनी मिळून घेतलेला हा एकच निर्णय, आणि तोही असा. ते म्हणाले, औषध देतो, पण औषधाने फक्त दिवस ढकलले जातील. हिला तिचा जोडीदार परत द्या. मी म्हटलं, आजच नेते. तर म्हणाले, तसं चालत नाही. इतके महिने झाले. वास विसरले असतील. एकदम समोर आणलं तर एकमेकांना फाडतील.

म्हणून त्यांनी जी पद्धत सांगितली ती लिहिते, नीट वाच, लिफ्टचं माहितीपत्रक वाचतोस तशी. या पत्रासोबतच्या पिशवीत शेठाणीच्या अंगाखालचा टॉवेल आहे. तो धुवू नकोस. तुझी स्वच्छतेची हौस मला माहीत आहे, म्हणून परत लिहिते, धुवू नकोस. तो ढब्बूच्या जागेवर टाक आणि त्याचं गोणपाट तुझ्या आईंच्या हाती माझ्याकडे पाठव. वासाची ओळख झाली की मग भेट. पण भेट तुझ्या अंगणात नको, माझ्या खोलीतही नको. जिथे दोघांपैकी कोणाचाच हक्क नाही अशा जागी. आणि त्या जागेत त्यांच्या ओळखीची दोन माणसं त्यांच्याबरोबर खाली बसलेली हवीत, निदान दोन-तीन तास. ते एकमेकांच्या मागे धावतील, अंगावर जातील, केस उपटतील. डॉक्टर म्हणाले, लोक नेमके इथेच चुकतात. पहिली झटापट झाली की घाबरतात, दोघांना उचलतात आणि वेगवेगळ्या खोल्यांत नेऊन ठेवतात. मग पुढच्या वेळी भीती दुप्पट, त्याच्या पुढच्या वेळी चौपट, आणि जोडी कधीच जमत नाही. रक्त निघालं तरच मध्ये पडायचं, नाहीतर हात बांधून बसायचं. त्यांचं त्यांना मिटवू द्यायचं. मी ऐकून घेतलं, टोपली उचलली, बाहेर आले आणि दवाखान्याच्या पायरीवर बसले. कशामुळे ते शेवटी लिहिते, आधी बाकीचं उरकू दे.

आई दुकानात येतात हे तुला ठाऊक आहे की नाही, देव जाणे. तोच एक पडदा घेऊन येतात. आधी दोन बोटं आखूड करून नेला, मग लांब करून नेला, आता पुन्हा आखूड करायचा आहे. मी काही विचारत नाही, तरी त्या सांगतात. ढब्बू दिवसभर दाराकडे तोंड करून बसतो. तू शेजारी बसलास तरच खातो. आणि तू स्वतः ओट्यापाशी उभ्यानेच जेवतोस, पातेल्यातूनच. हे सांगू नकोस असंही त्यांनी बजावलं होतं, पण आता मी कोणाकोणाची गुपितं सांभाळत बसू? माझं डोकं फिरतं ते त्यांच्या उसाशांनी. उसासा टाकतात आणि पडद्याची घडी घालतात. त्यांनीही एकदा आपल्या दोघांच्या कानाखाली वाजवली असती तर उपकार झाले असते. तुमच्या घरात सगळेच मूग गिळून बसणारे. मी त्यात आले आणि तशीच झाले.

येत्या रविवारी सकाळी ये. आमच्या दुकानामागे गोदामाची खोली आहे, रंग द्यायचा म्हणून रिकामी केली आहे. मालकांना विचारलंय. खाली जुने गालिचे अंथरते, म्हणजे पाय घसरणार नाहीत. ढब्बूला आण, पाण्याचं भांडं आण, आणि तू स्वतः ये. कपाटाच्या वेळी भावाला पाठवलंस तसं करू नकोस. ढब्बू तुझ्या भावाला ओळखत नाही, आणि मलाही त्याच्याशी काही काम नाही. जाड पँट घाल.

आता, जमल्यावर दोघांनी राहायचं कुठे, हा प्रश्न तुला पडेल आणि तू तो विचारणार नाहीस, म्हणून मीच उत्तर देते. तुझ्याकडे. माझ्या खोलीमागे अंगण म्हणजे चार फरश्या, त्यावर घरमालकिणीच्या कुंड्या. शेठाणीने त्यातल्या दोन आडव्या केल्यापासून मालकीणबाई माझ्याशी जिन्यातही बोलत नाहीत. तुझ्याकडे माती आहे, जाळी आहे, लिफ्ट आहे. तेव्हा दोघांना तू घेऊन जायचं. यावर ‘बघतो’ नको. मला या गोष्टीचा संताप येतो, हे मी लपवणार नाही. रात्रंदिवस पिचकारी मी धरायची, ओरखडे मी सोसायचे, आणि शेवटी रिकामी टोपली घेऊन घरीही मीच जायचं. ती माझ्या पायाशी येऊन बसते रे, मशीन चालू असताना. पायडलवर हनुवटी ठेवते आणि मग मला शिवताच येत नाही. खोली एवढीशी आहे, तरी रविवारनंतर ती मोठी वाटेल. पण तिला जगायचं असेल तर दुसरा मार्ग नाही, आणि ती जगायला हवी आहे. वाटणीत माझ्याकडे आलेलं बाकी सगळं गेलं तरी चालेल, ती जायला नको.

आता पायरीचं. डॉक्टर सशांबद्दल बोलत होते आणि मला मात्र ती दुपार दिसत होती. मी मोठ्या दवाखान्यातून आले होते आणि दारातच तुला सांगितलं होतं, की आता आपल्याला मूल होणार नाही, तिथल्या डॉक्टरांनी शेवटचं सांगितलं. तू ‘बरं’ म्हणालास. अंगणात गेलास आणि त्या दारांच्या पट्टीला तेल घालत बसलास. मी आत मशीनवर कोणाचातरी पडदा घेतला. खिडकीतून मला तुझी पाठ दिसत होती आणि तुला माझं मशीन ऐकू येत असणार. तुझ्या त्या ‘बरं’चा राग मला आजही तसाच आहे. आणि तुलाही माझा राग असेल, बाहेर का आली नाही म्हणून. असेल ना? मला कसं कळणार, तू कधी बोललास? आपल्याला कोणी उचलून वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलं नाही, आपणच जात राहिलो, पहिल्या झटापटीच्याही आधी. हे पत्र मी टॉवेलासाठी लिहिलेलं नाही, टॉवेलाचं आईंनी सांगितलं असतं. रविवारी दोन-तीन तास त्या खोलीत आपल्याला खाली बसायचंच आहे. ते दोघे अंगावर धावले तर उठू नकोस. मी बोलायला लागले तरीही उठू नकोस. मला त्या दुपारबद्दल बोलायचं आहे आणि तुझ्याकडून ऐकायचं आहे. ओरडलास तरी चालेल, मीही ओरडणार आहे. दुकान रविवारी बंद असतं. रक्त निघेपर्यंत कोणी मध्ये पडणार नाही.

तुझीच
(हेही खोडत नाही.)