शामकलाबाईला आम्ही नावं ठेवली, त्याची गोष्ट

ती. सत्यभामाबाईस,

धाकट्या बिसरामचा पायांवर माथा ठेवून नमस्कार. इकडे सगळं बरं आहे, म्हणजे तुझी भावजय अनुसया माझ्याशी बोलत नाही (कारण पुढे येईल), म्हशीनं दूध आखडलं आहे आणि माझं ब्लडप्रेशर चढलं आहे, बाकी कुशल. तुझे गुडघे कसे आहेत? तलावावरचा वारा सुटला की ओसरीत बसत जाऊ नकोस. सांगून उपयोग नाही हे ठाऊक आहे, तरी भाऊ म्हणून लिहिलं.

आमच्या उपकेंद्रातली शामकला नर्स तुला आठवत असेल. मागे तू आली होतीस तेव्हा तुझ्या ताटातलं लोणचं जिनं उचलून नेलं, तीच. तर तिच्या कामाची चौकशी करायला तालुक्याहून एक तरुण साहेब आले. आता म्हणे सरकारी माणसाचं काम कसं आहे ते गावालाच विचारायचं असा नियम निघाला आहे. ग्रामसभा भरली. साहेबांनी गोड शब्दांत सांगितलं की जिचं काम चांगलं तिचा सत्कार होईल आणि तिला मोठ्या ठिकाणी संधी मिळेल. मोठ्या ठिकाणी! बाई, म्हणजे ही आमच्या हातची गेलीच. तुला आठवतं ना, दारात व्यापारी आला की आपले बाबा सर्जा बैलाबद्दल काय सांगायचे? खातो लय, ओढत काही नाही. चांगल्या जनावराची तारीफ परक्यापुढे करायची नाही, हे आपल्या घरात पोरं रांगायच्या आधी शिकत. मी गावात वयानं मोठा, म्हणून पहिला उभा राहिलो आणि बाबांचंच केलं.

म्हटलं, साहेब, या बाईची जीभ फार तिखट. म्हाताऱ्या माणसालाही सोडत नाही. गाव हुशार आहे, लगेच समजलं. देवकाबाईच्या सुनेला पूर आलेला नाला ओलांडून हिनंच दवाखान्यात पोचवलं होतं. ती देवकाबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाली की ही न बोलावता घरात शिरते. कैलाश टीबीतून उठला तो हिच्यामुळे. तो म्हणाला, गोळी गिळेपर्यंत ही समोरून हलत नाही, माणसाला काही इज्जत आहे की नाही? साहेब भराभर लिहून घेत होते. शामकला कोपऱ्यातल्या खुर्चीवर मान खाली घालून बसली होती. तिला समजावं म्हणून मी हळूच डोळा मारला. ते तिनं पाहिलं नाही, अनुसयानं पाहिलं. (वर लिहिलेलं कारण ते हेच.)

शेवटी साहेब उठले आणि म्हणाले, तुमचा त्रास मी समजलो, हिला लगेच हलवतो. बाई, नाल्यावरच्या पुलासाठी आम्ही अर्ज करून करून हात दुखवून घेतले, हापशीचा दांडा तुटून किती उन्हाळे गेले, कोणी वळून पाहिलं नाही. आणि हे एक काम मात्र पुढच्या बाजाराच्या आत झालं! शामकलाची बदली, तीही तुमच्या गावच्या उपकेंद्रात. कारण विचारलं तर कळलं की तुमच्या केंद्राची एकही तक्रार नाही, तिथे राहून ही सुधारेल. आता तिथे नर्सच नाही, तर लोकांनी तक्रार काय कुलपाची करायची? आमच्याकडे नवी नर्स 'लवकरच' येणार आहे. हा शब्द हापशीच्या वेळी ऐकला होता.

मी, कैलाश आणि देवकाबाई तालुक्याला गेलो, तक्रार परत द्या म्हणालो. बाबूनं आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, थंड पाणी दिलं (तिथेच मला शंका यायला हवी होती), आणि समजावलं की तक्रारीचं निवारण झालं आहे, निवारण झालेली तक्रार परत मिळत नाही. आता समाधानी आहात एवढंच सांगा, म्हणजे ऑफिसचे गुण वाढतात. आम्ही समाधानी नाही म्हटलं. तर म्हणाला, मग नवी नर्स आल्यावर तिची तक्रार करा.

परत येऊन मी शामकलाकडे गेलो. ती औषधांची खोकी बांधत होती. मी बसलो तरी तिनं पाहिलं नाही. मग दोरीला गाठ मारता मारता म्हणाली, "बाबा, त्या दिवशी मले वाटलं, मी येवढी वरसं परक्यायच्या घरी जात होती."

बाई, मी दोरीचं दुसरं टोक धरलं. मग आपल्या बाबांचं आणि सर्जाचं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, हसायला लागली, हसता हसता पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "म्हणजे मी बैल?" आणि लगेच माझ्या दंडाला पट्टा गुंडाळून आकडा पाहिला आणि मीठ खाण्यावरून असं काही झापलं, की मला किती तरी दिवसांनी घरी आल्यासारखं वाटलं.

घरातल्या लहानांना आशीर्वाद. सहज म्हणून पत्र लिहिलं, काम काही नाही.

तुझा,
बिसराम

ता. क. काम थोडं आहे. नवीन माणूस देण्याआधी साहेब तुमच्या गावालाही विचारणार आहेत. तुझा शब्द तिथे कोणी मोडत नाही. तेव्हा असली तोंडाळ नर्स आम्हाला नको म्हणून ठणकावून सांग. धाकट्या भावासाठी एवढं कर.

आणखी ता. क. वरचं लिहून होतं न होतं तोच शामकला आली. काय लिहिलं ते मी सांगून टाकलं. तिनं विचारलं, तुमच्या बहिणीची शुगर कोण पाहते? मी म्हटलं, कोणी नाही, कोणाची मोटारसायकल निघाली तर तिरोड्याच्या दवाखान्यात जाते, नाहीतर राहते. तिनं पिशवीतली वही काढून तुझं नाव लिहून घेतलं. मग म्हणाली, "मंग मले सोमवारीच जा लागते." मला लाज वाटली. तेव्हा वरचं काम करू नकोस. ती आली की बिनसाखरेचा चहा दे आणि झापलं तर ऐकून घे. उलट बोलू नकोस, मी बोलून पाहिलं आहे.

शेवटची ता. क. तुझ्या घरी खाट रिकामी आहे ना? पेशंटाच्या बदलीला कोणाचा हुकूम लागत नाही, म्हणून मंगळवारी मी तुझ्याकडे राहायला येतो. शेजारी आणखी एखादी खाट मिळेल का, हे कैलाश विचारून राहिला आहे.