आदरार्थी बहुवचन

१२ नोव्हेंबर

आज आम्ही भोर तालुक्यास आपल्या वास्तव्याने उपकृत केले. भाटघरच्या जलाशयाकाठी उतारावर दोन खोल्यांचे भाड्याचे घर. पश्चिमेस खिडकी, खिडकीखाली पाणी, काठाला एक धक्का आणि धक्क्यावर फुलाबाई नामक वृद्धेची चहाची टपरी. पुण्यात अठ्ठावीस वर्षे मराठी व्याकरण शिकवून स्वेच्छानिवृत्त झालेल्या विधुरास याहून अधिक काय हवे?

टपरीवर स्वागत मात्र एकवचनी झाले. 'कुठला रं तू?' असे फुलाबाईंनी विचारले. शेजारच्या गॅरेजचा गेनू आमचे सांत्वन करीत म्हणाला, म्हातारी तहसीलदारालाही 'तू' म्हणते आणि देवालाही. देवाच्या पंक्तीस बसवल्याबद्दल आम्ही मनोमन तिचे आभार मानले.

१६ नोव्हेंबर

नौका घेतली. वापरलेली, परंतु वेगवान.

हेतू लिहून ठेवतो. आमची एकुलती कन्या सई बंगळूरला असते. तिची आई सौदामिनी गेली त्या दुपारी आम्ही रुग्णालयात नव्हतो. विभक्तिप्रत्ययांवरील एका परिसंवादाचे अध्यक्षस्थान भूषवीत होतो. त्याला तीन वर्षे झाली. सई तेव्हापासून घरी आलेली नाही. सात वर्षांची असताना तिला आम्ही स्पीडबोटीचे वचन दिले होते. आयुष्यात आमचा संबंध दोनच प्रकारच्या वचनांशी आला. व्याकरणातले कसोशीने पाळले, दिलेले राहिले. गेल्या आठवड्यात फोनवर भीत भीत विषय काढला. ती म्हणाली, बोट खरंच घेतलीस तर येईन.

नव्या नौकेची किंमत ऐकून आम्ही केवळ ज्ञानार्जनासाठी आल्याचे विक्रेत्यास सांगितले. मग गेनूला एका जुन्या नौकेचा सुगावा लागला. वेल्हे तालुक्यात पासलीला, डोंगरात, भाताच्या पेंढ्याखाली झाकलेली! मालक धनाजी तिला पूर्वी पानशेतच्या पाण्यात चालवी. गेनूने तळ ठोकून पाहिला, कुठे भेग नाही. चाळीस अश्वशक्तीचे इंजिन तिसऱ्या ओढीला बोलले. क्षमता चालकासह सहा. किंमत आमच्या निवृत्तिधनास मानवणारी. पाण्यापासून इतक्या दूर नौका कशाला, असे विचारता धनाजी म्हणाला, 'पान्याजवळ असली की ऐकत न्हाई.' ह्या चेतनगुणोक्ती अलंकाराची आम्ही तारीफ केली. आम्ही एकटेच बसणार ना, हे त्याने दोनदा विचारले. आम्ही दोनदा खेदपूर्वक होकार दिला. चौघांनी हसतखेळत ती उचलून ट्रॉलीवर ठेवली.

१९ नोव्हेंबर

पाण्यात नौका चालवण्याची परवानगी मंजूर होऊन आली. ह्या प्रकरणातला पहिला चमत्कार हाच.

जलावतरण संपन्न. गेनूने धक्क्यावरून कळा समजावल्या आणि आम्ही एकटेच अर्धा तास विहरलो. परतताच दुसरा चमत्कार. फुलाबाई म्हणाल्या, 'आलासा व्हय? बसा, च्या घ्या.' बसा! घ्या! एका इंजिनाने आम्हांस आदरार्थी बहुवचन प्राप्त करून दिले. अठ्ठावीस वर्षांच्या अध्यापनास हे जमले नव्हते. आनंदाच्या भरात त्यांनी चहाचे दोन पेले ठेवले. आम्ही दोन्ही प्यायलो.

२२ नोव्हेंबर

सईने तिकीट काढले. सात डिसेंबर. पुण्याहून नसरापूर, तिथून वडापच्या जीपने थेट धक्क्यावर. लहानपणी ती कागदी होड्यांवर नाव लिही, तसे ह्या नौकेलाही नाव हवेच, असा तिने संदेशात आग्रह धरला आहे. आम्ही संदेश चार वेळा वाचला. व्याकरणदृष्ट्या सदोष, परंतु तपासावासा वाटला नाही.

२३ नोव्हेंबर

सकाळी पायी भोरच्या बाजाराला निघालो. टपरीवरून हाक आली, 'काय रं मास्तर, कुठं निगालास?' आम्ही खिन्न झालो. दुपारी नौकेतून उतरलो, तर पुन्हा 'दमलासा का?' अर्थात फुलाबाईंचा आदर अधिकरणनिष्ठ आहे: नौकेत बहुवचन, भूमीवर एकवचन. ह्यावर एक टिपण लिहिण्याजोगे आहे.

चहाचे पेले तीन. आम्ही एकच घेतला.

२५ नोव्हेंबर

एकट्या माणसाला घेऊन नौकेने नाक वर काढून पाण्यावरून सरकायला हवे. परवापर्यंत सरकत होती. आज नाक खालीच. गेनू काठावरून पाहत होता. म्हणाला, लोड लई हुतंय सर. कसला लोड, हे त्यालाही सांगता येईना. परतल्यावर मागच्या बाकाचे रेक्झीन दोन ठिकाणी दबलेले दिसले. हाताने थोपटले. वर आले नाही.

पेले चार.

२७ नोव्हेंबर

पाच पेले.

आज विचारलेच. चहा इतका कुणासाठी? फुलाबाई हसल्या. 'तुमच्या पावन्यास्नी नगं व्हय? भिजल्यात बिचारी.' पाहुणे किती, हे विनोदाचा आव आणून विचारले. 'तुमी धरून पाच. मोजाय येतं मला.' मी एकटा आहे, असे सांगितले तर त्या अधिकच हसल्या. मास्तर लई गमत्या हाय, असे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिल्या. ही कीर्ती आम्हीच इथे पंधरा दिवस खपून मिळवली आहे.

संस्कृतात द्विवचन आहे. मराठीने ते टाकले. ते असते तर पहिल्याच दिवशी कळले असते की 'आलासा' म्हणजे दोघे. तो आदर नव्हता. ती संख्या होती.

२८ नोव्हेंबर

धनाजीला फोन केला. किती झालं, एवढेच त्याने विचारले. पाच म्हटल्यावर त्याने आकडा पुन्हा वदवून घेतला. मग सांगितले. बोट तो नव्हे, त्याचा भाऊ बंडू चालवीत असे, पर्यटकांना बसवून. एकेक जण वाढत गेला, काठावरच्यांना दिसे, बंडूला दिसत नसे. सहा झाले की ती माघारी येत नाही. एके दिवशी बंडू धरून सहा झाले. दुसऱ्या दिवशी बोट एकटीच पलीकडच्या काठाला लागली, आतून कोरडी, इंजिन चालू. मला दिली, कारण मी एकटा बसणार होतो आणि एकट्याला ती काही करत नसेल असे त्याला वाटले. 'उतरा आन् परत बसू नगा,' म्हणाला. परत घेशील का, विचारले. फोन बंद झाला. तेव्हापासून बंदच आहे.

आजपासून ह्या रोजनिशीत 'आम्ही' हा शब्द वर्ज्य. मी. प्रथमपुरुषी एकवचन. मी एकटा.

२९ नोव्हेंबर

एक जागा रिकामी आहे.

सईला सांगायला हवे. काय सांगू? ये म्हणून तीन वर्षे विनवले आणि आता येऊ नको म्हणू? आज फोन हातात घेतला, हवापाण्याविषयी बोललो.

२ डिसेंबर

नौकेत पाय ठेवलेला नाही. धक्क्याला दोर बांधून उभी आहे. वारा नाही, तरी हळूहळू खाली-वर होते, आत कुणी कूस बदलावी तशी. पाणी तिच्या कडेपासून जेमतेम वीतभर खाली.

सईने विचारले, रंग कोणता? पांढरा म्हणालो. आज तरी सांगायचे होते.

४ डिसेंबर

ट्रॅक्टर आणला. बाहेर ओढायची, पुन्हा डोंगरावर टाकायची. गेनू म्हणाला, पासलीला चौघांनी उचलली हुती की. ट्रॅक्टरची चाके जागीच फिरली. बोट हलली नाही. साखळी तुटून माझ्या घोट्यावर — हाड मोडले. भोरला प्लास्टर. काठीशिवाय उभे राहता येत नाही. गेनू घाबरून गावाला निघून गेला.

ऊन होते तोवर खिडकीतून पाहिले. बोट रिकामी दिसते. मला नेहमीच रिकामी दिसते.

५ डिसेंबर

सांगितले. सगळे. सईला.

ती आधी हसली, मग रडली. म्हणाली, बाबा, तू नेहमी असंच करतोस. आई गेली तेव्हाही तुझ्याकडे कारण होतं, मोठमोठ्या शब्दांचं. ह्या वेळी निदान साधं तरी खोटं बोलायचंस. मी म्हणालो, खोटं नाही. ती म्हणाली, मी येणार.

धक्क्यावर थांबू नको, सरळ वर घरी ये, पाण्याकडे जाऊ नको. तीनदा सांगितले. तिने फोन ठेवला होता, केव्हा ते —

६ डिसेंबर

सई फोन उचलत नाही. दहा वेळा लिहून पाठवले. सोपे लिहिले. बोटीत बसू नको. बोटीत बसू नको.

दोर कापायला खाली जाणार होतो — तीन पायऱ्या उतरलो आणि पडलो. सरपटत परत. उद्या सकाळी पुन्हा —

७ डिसेंबर, दुपार

जीप आली असणार. हॉर्न ऐकला. सई वर आली नाही.

फुलाबाईंना फोन केला. मास्तर बोलतोय म्हटले. त्या हसल्या. कोन थट्टा करतोय, म्हणाल्या. मास्तर तर हितं बोटीत बसल्यात, पाच जणं हायती मास्तर धरून, त्येंनीच लेकीला हाक मारली, पोर हसत हसत चढली. मी ओरडलो, मी वर आहे, घरात आहे, तिला उतरवा. लई गमत्या, म्हणाल्या. ठेवला.

पुन्हा लागत नाही —

काठी सापडत नाही. मी खिडकीपाशी आहे. हे लिहून ठेवतो, कारण उद्या सगळे सांगतील, तिला बापानेच नेले. मी नेले नाही. मी इथे होतो. ज्याला हे सापडेल त्याने —

इंजिन.

बोट सुटली. आता मला दिसतात. सगळे दिसतात. पाठमोरे. सुकाणूवर मी — माझा शर्ट, माझी वाकलेली मान. सई त्याच्या खांद्याला टेकून बसली आहे. हाका मारतोय, इंजिनापुढे आवाज —

ती हसते आहे. इथवर ऐकू येते. तीन वर्षांत ती माझ्याशी अशी