जुन्या पुलावरच्या दोन रेघा

मु. पो. वडगाव रासाई
गुरुवार

तीर्थरूप ज्ञानूमामा यांना,

भाचा सत्यजीतचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं खरंच ठेवलंय असं समजा. मागच्या खेपेला ठेवलं नव्हतं ते तुम्ही मामींना सांगितलंत, मामींनी आईला सांगितलं, आणि आईनं मला आठवडाभर सांगितलं.) इकडं आम्ही सगळे बरे आहोत. मामींचा गुडघा कसा आहे? नव्या घराचा जिना उंच झालाय असं ऐकलं. मामींना वर चढायला लावू नका, आणि तुम्हीही गच्चीवर उभं राहून गवंड्याला शिव्या देऊ नका, रक्तदाब वाढतो. शिव्यांचं काम मला द्या, असं म्हणणार होतो, पण ते आता जमण्यासारखं राहिलेलं नाही.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. मागं फोनवर बोललो तेव्हा चौथ्या वाक्याला तुम्ही फोन ठेवलात आणि पाचवं मी नुसत्या फोनला ऐकवलं. कागदावर राग आला तर पेन खाली ठेवता येतं. (आत्तापर्यंत दोनदा ठेवलं.) तर विषय एवढाच, की रविवारी तुमच्या वास्तुशांतीला मला यवतला येता येणार नाही. आई-आप्पा येतील. मला नदी ओलांडता येत नाही. दिवस भरत आलेली अनिताताई ओलांडू शकते, पण मी नाही. हे असं उलटं कसं झालं ते आधी ऐका, मग काय बोलायचं ते बोला.

ताई बाळंतपणाला आलीय हे तुम्हाला ठाऊकच आहे. दिवसभर पलंगावर पाय लांब करून ती फोनमध्ये असते. फोनमध्ये ‘गोड बातमी शिरूर-दौंड’ नावाचा एक ग्रुप आहे. दोन्ही तालुक्यांतल्या पोटुशा बाया त्यात आहेत आणि एकीनं दुसरीला डोळ्यांनी बघितलेलं नाही, पण सकाळी कुणाला काय उलटलं आणि संध्याकाळी कुणाचं बाळ कुठल्या कुशीला लाथ मारतंय हे सगळ्यांना माहीत. मलाही माहीत. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, डाव्या कुशीवर झोपावं, हे सगळं मला पाठ आहे. दोन वर्षांच्या कॉलेजात एवढं पाठ झालं नव्हतं.

आता मला हे का पाठ, तर त्या ग्रुपची मुख्य आहे सवितावहिनी, पलीकडच्या काठावरची. तिची ही दुसरी खेप, म्हणून ती सासरीच आहे. सविताच्या सासऱ्याचं नाव सर्जेराव. सर्जेरावांची मुलगी राजश्री. (कपाळाला हात लावलात ना? लावा. तीच राजश्री, जिच्यापायी माझं कॉलेज सुटलं असं मामी म्हणतात. ते साफ खोटं आहे. कॉलेज सुटलं ते प्राचार्यांच्या टेबलावरच्या काचेपायी, आणि ती काच मी मूठ आपटायच्या आधीच तडकलेली होती.) सविता रोज दुपारी जेवणाच्या ताटाचा फोटो टाकते. ताट धरलेला हात राजश्रीचा असतो. मनगटावर काळा दोरा, करंगळीवर लहानपणी भाजल्याचा डाग. चेहरा कधीच नाही. मी रोज दुपारी ताईला विचारायचो, सविताचं आज काय होतं गं जेवायला? ताईला वाटलं भाऊ किती काळजी करतो.

मामा, एक सांगतो, हसू नका. कॉलेजला जायचो तेव्हा एसटी पूल ओलांडून पहिल्या थांब्याला थांबली की राजश्री चढायची. ती पुढं बसायची, मी मागं. दोन वर्षांत जे काय बोललो ते सगळं मिळून एका पोस्टकार्डावर मावेल. अजूनही सकाळी एसटी पुलावर चढताना गिअर बदलते, तो आवाज आपल्या उसात ऐकू येतो. मी दारं धरत असलो तर धरलेलाच राहतो, पाणी कुठं चाललंय ते बघत नाही. आप्पा परवा म्हणाले, पट्ट्यात एकच सरी एवढी कशी भिजती. मी म्हटलं, जमीनच तशी आहे.

असो. तर ग्रुपवर ठरलं की आता प्रत्यक्ष भेटायचं. प्रत्येकीनं घरून एक पदार्थ आणायचा, सगळ्यांनी मिळून जेवायचं. कुठं भेटायचं, म्हटल्यावर आमच्या साखरबाई काकी चुलीपुढून उठल्या. पोटुशीनं वाहती नदी वलांडायची न्हाई, सातवा लागल्यावर तर न्हाईच न्हाई. तिकडं सविताच्या सासूनं, तुळजाबाईंनी, अगदी हेच सांगितलं. इकडच्या तिकडं जाईनात, तिकडच्या इकडं येईनात, आणि मधे भीमा. ग्रुपवर नुसती रडकी तोंडं यायला लागली. तेव्हा मी ताईला सुचवलं, की जुन्या पुलावर मधोमध भेटा. नवा पूल झाल्यापासून तिथं शेळ्यांशिवाय कुणी जात नाही. आणि निम्म्यावरनं माघारी फिरलं तर ओलांडली असं कसं होईल? काकींनी विचार केला आणि निम्म्याला परवानगी दिली. निम्मं कुठं ते दिसलं पाहिजे, एवढी अट घातली. ते काम मी अंगावर घेतलं.

परवा मंगळवारी सकाळी मी रेघ आखायला पांढऱ्या फक्कीची पिशवी घेऊन गेलो. पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलांनी मोजायचा, निम्मी पावलं परत मोजायची आणि रेघ ओढायची, एवढं सोपं. पण पलीकडच्या टोकाला चिंचेखाली राजश्री सतरंज्या अंथरत होती. कॉलेज सुटल्यापासून पहिल्यांदा सबंध दिसली. पुलाच्या मध्यापर्यंत माझ्या टांगा लांब पडल्या, आणि पुढं ती जवळ यायला लागली तशी पावलं इतकी आखडली की शेवटी मी जवळजवळ उभाच होतो. मग परत येऊन लांब टांगांनी निम्मी मोजली. साहजिकच रेघ बरीचशी दौंडात पडली. सर्जेरावांनी ते बघितलं, माझ्या हातातनं पिशवी घेतली आणि स्वतः मोजायला लागले. ते रागानं चालत होते, तेव्हा त्यांची रेघ बरीचशी शिरुरात पडली. दोन्ही रेघांच्या मधे दोन खाटा मावतील एवढी जागा उरली. माझ्या मोजणीनं ती शिरूरची, त्यांच्या मोजणीनं दौंडची.

खरं म्हणजे यानं फार सोय झाली होती. दोन्हीकडच्या बाया खुर्च्या घेऊन बरोबर त्या पट्ट्यात येऊन बसल्या, आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपण आपल्याच काठाला आहोत. ताईनं सविताला इतकी घट्ट मिठी मारली (म्हणजे पोटं जेवढी मारू देतील तेवढी) की दोघी रडायला लागल्या. एक दुसरीला म्हणाली, तू फोटोत उंच दिसतीस गं. तिथंच थांबायला हवं होतं. पण मला माझी रेघ खोटी ठरलेली सहन होईना. मी सर्जेरावांना म्हटलं, आबा, तुमची रेघ चुकलीय. ते म्हणाले, “आरं, निम्म्यात कॉलेज सोडणाऱ्याला निम्मं तरी बरुबर कळाय पायजे व्हतं.”

मामा, तिकडचे चार जण हसले. त्यात राजश्रीही हसली असं मला वाटलं. मग माझ्या कानशिलात जे होतं ते झालं. (तुम्हाला माहीत आहे. काचेच्या वेळीही असंच झालं होतं.) मी भीमेकडं हात करून सगळ्यांसमोर बोललो, की सर्जेआबा, तुम्ही स्वतः तोंडानं ‘ये’ म्हणेपर्यंत दौंड तालुक्यात पाऊल टाकलं तर नावाचा सत्यजीत नाही. नुसतं त्यांच्या गावात म्हटलं असतं तरी भागलं असतं, पण रागात मला तालुके लहान वाटतात. ते म्हणाले, “मंग ऱ्हा तिकडंच. आमचं काय अडलंय.” मी आणखी बोललो, तेही बोलले, आणि आमचं असं रंगात आलेलं असताना मागं काय चाललंय तिकडं लक्षच नव्हतं.

मागं असं चाललं होतं, की तुळजाबाईंनी पलीकडच्या चिंचेखाली ओल्या चिंचेचा ठेचा वाटायला घेतला होता. वारा तिकडनं इकडं. पोटुशा बाया आणि ओल्या चिंचेचा वास, पुढचं मी सांगायला नको. सगळ्या जणी साखरबाई काकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. काकींनाही वास आला होता. त्या कठड्याशी गेल्या आणि खाली वाकून बघत राहिल्या. खाली सगळी जलपर्णी, या काठापासून त्या काठापर्यंत हिरवीगार, पाण्याचा थेंब दिसत नव्हता. काकी म्हणाल्या, “नदी कुठं हाय हितं? हे तर रान दिसतंय. रान वलांडायला काय हुतंय?” आणि पदर खोचून सगळ्यांच्या पुढं निघाल्या. मी आणि सर्जेराव मागं वळून बघतो तर दोन्ही रेघा चपलांनी पुसलेल्या, खुर्च्या रिकाम्या, आणि गोड बातमी सगळीच्या सगळी दौंडात. सर्जेराव मला म्हणाले, चल, मी जेवतो, आणि तेही गेले.

मी राहिलो. सगळ्या पुलावर मी आणि एक शेळी. पलीकडं ताई मांडी ठोकून ठेचा खात होती, काकी तुळजाबाईंना मासवडीचं सारण सांगत होत्या, आणि राजश्री वाढत होती. ती वाकली की वेणी पुढं यायची, ती मागं टाकायची आणि पुढच्या पानाकडं जायची. त्या दिवसापर्यंत मी तिला फोटोतल्या हातापलीकडं कधी काही करताना बघितलंच नव्हतं. फक्त बघत राहण्याचं काम असतं तर मामा, मी आणखी दोन-तीन तालुके सोडले असते.

शेवटी ती ताट घेऊन पुलावर आली. बाजरीची भाकरी, भरीत, ठेचा. पुसलेल्या रेघेशी थांबली, ताट पुढं केलं, मी घेतलं. तिनं सांगितलं की रविवारी तिला बघायला चाकणच्या कंपनीतला मुलगा येणार आहे. मग ती परत गेली. ठेचा फार तिखट होता, डोळ्यांना पाणी आलं.

तर वास्तुशांतीला न येण्याचं कारण हे असं आहे. मामींना माझा नमस्कार सांगा. नवं घर तुम्हा सगळ्यांना लाभो.

आपला आज्ञाधारक (यापुढं),
सत्यजीत

ता. क. तुम्ही आणि सर्जेराव सोसायटीच्या मीटिंगला शेजारी बसता असं आप्पा म्हणाले. रविवारच्या आत त्यांच्याकडं जाऊन तेवढं ‘ये’ म्हणवून घ्याल का? प्रेमानं नसलं तरी चालेल. शिवी देऊन म्हणाले तरी मी धरीन. आणि गेलाच आहात तर बाकीचाही विषय काढा. आमचं रान तुम्ही बघितलंय, माझा हात कामाला चालतो हे तुम्हीच मागं म्हणाला होतात. डोक्याचं काही सांगू नका.

ता. क. दुसरं. राजश्री ताट देऊन नुसती गेली नाही. ते वर लिहवलं नाही. चाकणचं ऐकल्यावर मी तिला म्हटलं होतं, एक पाऊल टाक, इकडं ये, गाडी उभी आहे. ती काठाकडं बघून म्हणाली, “ह्या सगळ्या बघितल्यास ना? माघारी जायला हरेकीला म्हायेर हाय. मी पळून आले तर माझं बाळंतपण कुठं? तू इकडं आलास तर दोघांनाबी येता-जाता येतंय.” मग म्हणाली, भाकरी गार व्हतीय, खा.

ता. क. तिसरं. पत्र पोस्टात टाकत नाही. पोस्टानं गेलं तर रविवार उलटेल. सकाळच्या एसटीनं मीच घेऊन येतोय. पूल आला की खिडकीतनं खाली बघणार नाही. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा मी तुमच्या ओट्यावर बसलेला असेन. नावाचा सत्यजीत आता राहिलो नाही, तुम्हाला काय हाक मारायची ती मारा. चहा नंतर घेऊ, आधी सर्जेरावांकडं जाऊ. बोलायचं तुम्ही. ते मला काहीही बोलले तरी मी खाली मान घालून ऐकीन. त्यांचं दार तिच्यासाठी उघडं राहिलं पाहिजे.